ओला कापूस

प्रश्न १. या बाळाचा बाप्तिस्मा याआधी झालेला आहे काय?
उत्तर (धर्ममाता) : नाही.

धर्ममाता मी, बाळाच्या वतीने उत्तरं देणारी, पण उत्तरही छापलेलंच. म्हणजे मला विचार करायला जागाच ठेवलेली नाही. शनिवार, सकाळचे अकरा, मी उल्हासनगरला लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात उभी, एका हातात फ्रॉकची पिशवी, दुसऱ्या हातात पाळकसाहेबांनी आठवड्यापूर्वी दिलेला झेरॉक्सचा कागद, आणि पहाटेपासून मी इतकी खुशीत की रिक्षातून उतरताना रिक्षावाल्याला सांगून टाकलं होतं, उद्या आमच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे. तो म्हणाला, "अच्छा, बड्डे!" मी म्हटलं, हो, तसंच. आठवडाभर मी या कागदाचं पाठांतर करत होते. पण कागद चार घड्यांचा, आणि मी तो दर वेळी उघडायचे तो थेट दुसऱ्या प्रश्नापासून, सैतानापासून, कारण तिथून वाक्यं लांब होत जातात आणि लांब वाक्यांत माझी जीभ अडखळते. पहिला प्रश्न वरच्या घडीत राहून गेलेला. तो मी आत्ता वाचला, दुकानदार फोनवर होता म्हणून, वेळ घालवायला. आणि पायाखालची लादी गार लागली. चपला घातलेल्या असून. एप्रिल असून.

झालेला आहे. मीच दिलाय. सात महिन्यांपूर्वी, बदलापूरच्या हॉस्पिटलात, काचेच्या पेटीत हात घालून, ओल्या कापसाने. हे कुणालाच माहीत नाही. माझ्या भावाला नाही, त्याच्या बायकोला नाही, म्हणजे बाळाच्या आईला नाही. मला माहीत आहे आणि तिथल्या मोतीमावशीला.

"दीदी, ये फ्रॉक तो गुडिया का है," फोन ठेवून दुकानदार म्हणाला. त्याने पांढरा फ्रॉक हवेत धरला, दोन बोटांत दोन खांदे. "बेबीचा वजन कितना?"

"सात किलो दोनशे."

"सात! और ये सिलवाया कब?"

"दोन महिने झाले. तुमच्याकडेच."

"तो तब माप क्या सोच के दिया था?"

काय सोचून दिलं होतं? माप मीच दिलं होतं. टेप न लावता, हाताने, हवेत. एवढी असेल, म्हणाले होते. दोन महिन्यांपूर्वी ती साडेपाच किलोची होती आणि मी हवेत दाखवली ती त्याच्या निम्मी होती, कारण माझ्या हातांना ती तेवढीच माहीत होती, पेटीतली, नऊशे वीस ग्रॅमची, माझ्या तळहातावर जिचं डोकं आणि मनगटाशी जिचे पाय संपायचे. हात विसरत नाहीत. हातांनी भीतीचं माप देऊन टाकलं आणि त्या माणसाने इमानदारीने तेवढ्याच भीतीचा फ्रॉक शिवला, वर लेस लावून. मला एकदम हसू आलं. दुकानदारही हसायला लागला, कशाला ते न कळता. "टेन्शन नहीं लेनेका," तो म्हणाला, "बगल में पट्टी डालता हूँ, पीछे बटण के जगह नाडी. एक घंटा. चहा पिओ." मी चहा प्यायले. कागद पुन्हा उघडला. नाही. दोन अक्षरं आणि पूर्णविराम.

आमच्या कंपनीत, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, मी औषधांच्या बॅचेस तपासते. पंधरा वर्षं. तिथे पहिल्या दिवशी शिकवतात : जे लिहिलं नाही ते झालं नाही. तुम्ही तापमान पाहिलं, पण रजिस्टरात नाही मांडलं, तर पाहिलं नाही. हा नियम मी नव्या मुलींना दमात घेऊन सांगते. मग त्या हिशोबाने सात महिन्यांपूर्वी काही झालेलंच नाही. कुठे लिहिलंय? कुणाची सही आहे? चहाच्या कपाच्या तळाशी साखर होती, ती बोटाने चाटली, अडतीस वर्षांच्या बाईने, भर दुकानात.

प्रश्न २. तुम्ही सैतानाचा, त्याच्या सर्व कामांचा व त्याच्या सर्व डौलाचा त्याग करता काय?
उत्तर : होय, त्याग करते.

हा मला येतो. हा मला चौदाव्या वर्षीच यायचा, दृढीकरणाच्या वर्गात. लुथरन मंडळीत मूल लहानपणीच बाप्तिस्मा घेतं आणि चौदा-पंधराचं झालं की वर्गात बसून प्रश्नोत्तरं शिकतं. तेव्हाचे आमचे पाळक म्हातारे होते, नाकात बोलायचे. त्यांनी एकदा वर्गात रबरी बाहुली आणली आणि स्टीलचा तांब्या. म्हणाले, पाळक जवळ नसेल आणि बाळ जाईलसं वाटत असेल तर कुठलाही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो. सुतार देऊ शकतो. स्वयंपाकीण देऊ शकते. पाणी हवं आणि शब्द हवेत, बस. चला, एकेकाने करून दाखवा. आम्ही सातजण, हसून हसून वाकलो. बाहुलीचा एक डोळा उघडायचाच नाही. माझी पाळी आली तेव्हा मी तांब्या जरा जास्तच कलंडवला, बाहुलीच्या मानेतून पाणी आत गेलं आणि नंतर वर्षभर ती हलवली की आतून डुबुक डुबुक वाजायची. माझा भाऊ शशिकांत तेव्हा आठ वर्षांचा, तो दाराशी उभा राहून ओरडला, ताईने बाहुली बुडवली!

चोवीस वर्षांनी त्याच शशिकांतची मुलगी पेटीत आणि तो खाली रक्तपेढीकडे धावलेला. यशोधरा, त्याची बायको, तिसऱ्या मजल्यावर, तिला झटके आलेले, तिला शुद्ध नाही, मूल झालंय हेही तिला माहीत नाही. आणि मी दुसऱ्या मजल्यावर, हिरवा गाऊन उलटा घालून. डॉक्टर दुसऱ्या पेटीशी होते, जाताजाता म्हणाले, "तुम्ही थांबा हिच्याजवळ," आणि ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला ओळखता आला. मोतीमावशी तिथली आया. तिने मला निर्जंतुक पाण्याची छोटी बाटली आणि कापूस दिला, म्हणाली, "ओठ ओले कर गो तिचे, सुकलेत." मी कापूस भिजवला. पेटीच्या भोकातून हात घातला. आणि ओठांकडे जाणारा हात कपाळाकडे गेला. ठरवलं नव्हतं. चौदाव्या वर्षीच्या हाताने केलं ते. पण नाव हवं. बाहुलीलाही आम्ही नाव ठेवलं होतं. हिला नाव नव्हतं, नाव कुणी ठरवलंच नव्हतं, दोन महिने अवकाश होता. पायाला गुलाबी प्लॅस्टिकची पट्टी होती, त्यावर बॉलपेनने लिहिलेलं, मी वाचलं, मोठ्याने : बेबी ऑफ यशोधरा, मी तुला पित्याच्या. कापूस पिळला. आणि पुत्राच्या. कापूस पिळला. आणि

इथे मशीन वाजायला लागलं.

इथपर्यंत मी सात महिन्यांत इतक्या वेळा जाऊन आलेय की तिथली जागा झिजलीय. मशीन वाजलं. मोतीमावशी वाकली. डॉक्टर धावले. मला बाहेर काढलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले का? आत्म्याच्या नावाने म्हणाले का? ओठ हलले हे आठवतं. पण ते तेव्हाचं आठवतं की नंतर बाहेरच्या बाकावर बसून शंभरदा म्हटलं त्याचं, कळत नाही.

आणि ती वाचली. संध्याकाळी तिचा रंग पालटला. चौथ्या दिवशी यशोधरा उठून बसली. चाळिसाव्या दिवशी बाळ घरी आलं. मी सांगणार होते. कसं सांगणार? हा बाप्तिस्मा देतात तो बाळ जाणार असं वाटतं तेव्हाच. म्हणजे यशोधराला जाऊन सांगायचं, तू वर बेशुद्ध होतीस तेव्हा मी खाली तुझ्या मुलीला सोडून दिलं होतं. आज नको, उद्या. आणि खरं सांगायचं तर, नंतर नंतर ते मला सांगावंसंच वाटेना. ते माझं होतं. कंपनीत काचेच्या नळीतलं पाणी वर चढताना बघायचे आणि आतून उकळी फुटायची : मी केलंय. मी, एस्तेर, लग्न नाही, मूल नाही, भावाच्या घरात राहणारी आत्या. त्या पोरीला देवाच्या दारात पहिल्यांदा मी नेलंय. हे चांगलं नव्हे. पण त्यात मजा होती.

"दीदी! हो गया!" फ्रॉक आता फ्रॉकसारखा दिसत होता.

अंबरनाथला घरी पोचले तर दार उघडंच. आत यशोधरा स्वयंपाकघरात, कमरेला ओढणी खोचलेली, गालाला मैदा, एका खाकेत किर्ती. किर्ती म्हणजे बाळ. "ताई, बघू बघू बघू!" फ्रॉक घेतला, तसाच किर्तीच्या अंगाला लावला, "बसतोय! शशी, बसतोय!" शशिकांत आतून ओरडला, "खुर्च्यांचं बघतोय मी, मला फ्रॉक दाखवू नका!" दीडशे माणसं येणार. मंडळीतले ऑर्डनन्स फॅक्टरीवाले तेलुगू काका-काकू, शशिकांतच्या ऑफिसचे, आमच्या मजल्यावरचे. आणि यशोधराचे आप्पा.

आप्पा येणार ही उद्याची सगळ्यात मोठी गोष्ट. यशोधरा बौद्ध घरातली, वडील बबनराव ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, रोज वाचनालयात जाऊन तीन पेपर वाचणारे. लग्नाच्या आधी यशोधराने स्वतःहून बाप्तिस्मा घेतला, शशिकांतने कधी विषयही काढलेला नव्हता. आप्पा भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझ्या बापाने छप्पन साली एकदा रस्ता बदलला, विचार करून बदलला. तूही विचार केला असशील. पण मला तिथे बसायला सांगू नकोस." आणि आले नाहीत. लग्नाला आले, बाप्तिस्म्याला नाही. यशोधराने ते कधी बोलून दाखवलं नाही. परवा फोन आला, "नातीचं आहे ना? किती वाजता?" फोन ठेवून ती खाली बसली, जमिनीवरच.

"माझ्या वेळी काय झालं सांगू?" ती आता लाटता लाटता म्हणाली. चौथ्यांदा सांगत होती, मला पाठ होतं. "तुम्ही सगळे बाळपणी झालेले. तुम्हाला काय आठवतंय? ढिम्म. मला सगळं आठवतंय. पाणी मानेवरून पाठीत गेलं, असं, थंड, आणि मला हसू फुटलं. पाळकसाहेब घाबरले, त्यांना वाटलं मी रडतेय. ताई, मला ते हिचं बघायचंय. पाणी पडल्यावर तिचं तोंड कसं होतं ते. बाकी केक न आला तरी चालेल."

"केकचं असं बोलू नकोस," मी म्हटलं.

"हिची प्रत्येक पहिली गोष्ट माझी हुकलीय ना. पहिलं रडणं पण तुम्हीच ऐकलंत."

रडली नव्हती ती. तीन दिवस रडलीच नव्हती. पण हे मी तिला कधी सांगितलं नाही. मी किर्तीला घेतलं. तिने माझ्या चष्म्याची काडी धरली आणि ओढली आणि खदखदून हसली, दोन दात, खालचे. वाटलं आता बोलते, आता तोंडातून निघतंच. निघालं ते, "मैदा लागलाय तुला."

प्रश्न ३. तुम्ही आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता, सर्वसमर्थ देव पिता यावर विश्वास ठेवता काय?
उत्तर : होय, विश्वास ठेवते.

प्रश्न ४. या बाळाचा बाप्तिस्मा व्हावा अशी तुमची इच्छा आहे काय?
उत्तर : होय, माझी इच्छा आहे.

माझी इच्छा आहे. माझी इच्छा काय आहे? चार वाजता तालीम. आमच्या मंडळीला स्वतःचं चर्च नाही, शाळेचा हॉल रविवारी मिळतो, शनिवारी दुपारी मुलांचे बाक आम्ही मागे सरकवतो. पुढे सागवानी तिवई, ऑर्डनन्सच्या सुतारांनी हौसेने बनवलेली, तिच्यावर पितळेचं भांडं. शशिकांत खुर्च्या मांडत होता. भिंतीवर कुणीतरी बेडकाच्या पोटाचा तक्ता विसरलेला. पाळक दिनानाथ, आमच्याच वयाचे, घामाघूम, त्यांनी रिकाम्या भांड्यात बोट फिरवून धूळ पाहिली आणि म्हणाले, "पाणी उद्या. आज नुसतं तोंडाने. एस्तेरबाई, तुम्ही इथे. यशोधराबाई, बाळ यांच्या हातात द्या. हं. प्रश्न पहिला. या बाळाचा बाप्तिस्मा याआधी झालेला आहे काय?"

पंखा फिरत होता. किर्तीने माझी साखळी तोंडात घातली होती. तपासलेल्या हजारो बॅचेसच्या खाली माझी सही आहे, हजारो, आणि त्यातली एकही खोटी नाही, हे एवढं एकच माझ्याजवळ आयुष्यात आहे.

"एस्तेरबाई, 'नाही' म्हणायचं. सोपा आहे हा."

"हो."

"मग म्हणा."

"झालेला आहे," मी म्हटलं. "मी दिलाय."

शशिकांत लांबून म्हणाला, "ताई, गंमत नको, मला अजून साठ खुर्च्या मांडायच्यात." मग माझ्याकडे बघून हातातली खुर्ची त्याने खाली ठेवली. मी सांगितलं. उभ्याउभ्या, बाळ कडेवर, भरभर. कापूस सांगितला, बाटली सांगितली, मशीन सांगितलं. पट्टीवरचं नाव मात्र गिळलं. एवढ्या मोठ्या गोष्टीत मी हॉस्पिटलची पट्टी वाचली, डब्यावरचं लेबल वाचावं तशी, याची मला लाज वाटत होती.

"मी रक्तासाठी धावत होतो," शशिकांत म्हणाला. "चार मजले. आणि तू वर..."

"दुसरा मजला," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"म्हणजे तू धरूनच चालली होतीस की ती जाणार!"

यशोधराने पुढे होऊन किर्तीला माझ्याकडून काढून घेतलं. ओढून नाही. पण घेतलं.

पाळक दिनानाथ तिवईच्या कडेवर बसणार होते, बसले नाहीत. "आधी एक," ते म्हणाले, "तुम्ही चूक केलेली नाही. ते शिकवतो आम्ही. आता दुसरं. शब्द पूर्ण झाले होते? तिन्ही?"

"आठवत नाही. मशीन वाजलं."

"मग असं बघा. शंका असेल तर उद्या मी खुशाल बाप्तिस्मा देतो, छापलंय तसं. शंका नसेल तर मी पाण्याला हात लावणार नाही. एकदा झालेलं पुन्हा करणं म्हणजे देवाला सांगणं, तुझं पहिलं आम्हाला चाललं नाही. मग उद्या फक्त मंडळीसमोर विचारायचं, काय झालं, कसं झालं, आणि पुस्तकात नोंद करायची. निवांत बसून आठवा. तुम्ही म्हणाल ते."

मी म्हणेन ते! दार उघडंच ठेवलं होतं त्या भल्या माणसाने. आठवत नाही, एवढंच म्हणायचं, आणि ते खोटंही नव्हतं. उद्या पाणी पडेल, यशोधरा तिचं तोंड बघेल, आप्पा बघतील, सगळं छापल्याप्रमाणे. मी तोंड उघडलं. यशोधरा माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं, तीही हेच म्हणतेय, म्हण ना ताई, आठवत नाही म्हण.

"ती आया होती ना तिथे?" यशोधराने विचारलं.

"मोतीमावशी. मोरिवलीला राहते."

"आपल्या मोरिवलीला? इथल्या? मग चला की."

रिक्षात आम्ही तिघीच. शशिकांत आला नाही, खुर्च्या आहेत म्हणाला. औद्योगिक वसाहतीतून रिक्षा चालली, माझ्या कंपनीच्या फाटकावरून, रसायनाच्या त्या ओळखीच्या आंबूस वासातून. यशोधरा बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मला राग आलाय."

"येऊ दे."

"तुम्हाला वाटलं ती जाणार."

"हो."

"शशी म्हणायचा, कुणालाच तसं वाटलं नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, आम्हाला खात्री होती. सगळे गोड बोलायचे हो. मला वाटायचं मीच वेडी, मलाच एकटीला मागाहून भीती वाटते." किर्ती रिक्षाच्या गजाला चाटत होती, तिला मागे ओढलं. "तुम्हाला वाटली ना भीती?"

"माझे हात अजून तिला निम्मीच धरतात," मी म्हटलं. "फ्रॉक बघितलास ना."

ती हसली. नको असताना हसली, नाकातून, आणि मग मीही, आणि रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. मला एकदम सगळं हलकं, वेडंवाकडं, उडण्यासारखं वाटायला लागलं. निकाल काहीही लागो. कुणीतरी बाटलीचं बूच काढलं होतं.

मोतीमावशीचं घर कारखान्याच्या कुंपणाला लागून, ओटीवर वाल सोलत बसली होती. मला पटकन ओळखलं नाही. गाऊनशिवाय कोण ओळखणार. पण बाळाकडे बघून वालाचं सूप तिने बाजूला सारलं. "ही ती? नवशे वीसवाली? आगं बाय माजे!" तिने किर्तीला उचलून वर धरलं, वजन केल्यासारखं. "सात हाय. सात आनी वर थोडी." मग यशोधराकडे, "तू आईस काय? तुला मीनी झोपलेलीच बगली."

मी विचारलं. मावशी, त्या दिवशी मी कापसाने केलं ते आठवतंय? मशीन कधी वाजलं? माझं बोलून झालं होतं?

"न आठवाया काय झाला? नोकरीत तसा कोनी केलाच नाय कदी." तिने वालाची एक शेंग हातात घेतली, कापसासारखी. "तू पयली पट्टी वाचलीस. बेबी ऑफ यशोधरा. मंग तुमचा तो पिता. मंग पिळलास. मंग पुत्र. मंग पिळलास. तिसऱ्यांदा पिळलास त कापूस सुका. पानीच नाय. तू तशीच धरून ऱ्हायलीस, आनी बोलंस ना. मंग मीनी दुसऱ्या भोकातून बाटली वाकडी केली, तुज्या बोटांवर. म्हटला, असंल त्यांचा कायतरी तीनदा, अर्धा कशाला ठेवा? तवा बोललीस तू. सगला बोललीस. आमेन पन बोललीस. मंग वाजला मशीन."

बोटांवर पाणी. थंड. मनगटावरून कोपरापर्यंत गेलेलं, गाऊनच्या बाहीत. आठवलं. बाहीची ओल आठवली, बाहेर बाकावर बसले तेव्हा बाही ओली होती आणि मला वाटलं होतं, मी रडलेय त्याची. माझं एकटीचं म्हणून सात महिने जपलेलं ते. त्याचं शेवटचं पाणी हिच्या हातचं.

"झालेला आहे," मी म्हटलं. आणि मग भीती वाटली, यशोधराकडे बघायची.

यशोधरा मोतीमावशीकडे बघत होती. "पट्टी वाचली? काय वाचलं म्हणालात?"

"बेबी ऑफ यशोधरा. त्येच तर लिवलेला."

"नाव नव्हतं गं ठरलेलं," मी म्हणाले, "मला काही सुचेना, समोर होतं ते मी..."

तिने हाताने मला थांबवलं. मग मोबाइल काढला. मला वाटलं शशीला फोन करतेय. तिने मोबाइलचं मागचं कव्हर नखाने उचकटलं, आणि आतून, बाळ घरी आल्यापासून तिथे चपटी होऊन पडलेली, गुलाबी प्लॅस्टिकची पट्टी काढली. अक्षरं फिकट झालेली. ती तिने मोतीमावशीच्या तळहातावर ठेवली.

"हीच काय?"

"हीच. पायाला व्हती."

"हे नाव घेतलं? देवापुढे? माझं?"

"मंग कोनाचा घेल?" मोतीमावशी म्हणाली. "आई वर, पोरगी खाली. कोनाची पोर ती सांगाया नको?"

यशोधरा ओटीवर बसली, जशी परवा आप्पांच्या फोननंतर बसली होती, एकदम. किर्तीने पट्टीवर झडप घातली आणि ती तोंडात कोंबली. तिघींनी एकदम हात घातले, वालाचं सूप कलंडलं, मोतीमावशीने एक कचकचीत शिवी दिली, पट्टी निघाली, थुंकीने ओली. यशोधरा ती ओढणीला पुसत होती आणि हसत होती, आणि तिच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांना काय वाटलं असेल ते मला कळलं, कारण मलाही सांगता आलं नसतं ती हसतेय की काय.

"मावशी, उद्या साडेनऊला यायचं," ती म्हणाली. "साक्षीला."

"मी? तुमच्या चर्चात? मला त काय येत नाय तुमचा."

"आत्ता सांगितलंत तेवढंच सांगायचं."

"मंग जेवाया हाय ना?"

"आहे. केक पण आहे."

रविवार. साडेनऊ. दीडशे खुर्च्या, शशिकांतने एकही वाकडी ठेवलेली नाही. पहाटे त्याने मला चहा आणून दिला आणि कप ठेवताना म्हणाला, "बाहुली बुडवणारी." म्हणजे मिटलं. दुसऱ्या रांगेत आप्पा, पांढरा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर हात, ताठ. त्यांच्या शेजारी मोतीमावशी, जरीची साडी, आप्पांना विचारतेय, तुमीपन पयल्यांदाच काय? आणि आप्पा मान हलवून हो म्हणतायत. तिवईवर पितळेचं भांडं, घासून लखलखीत, रिकामं. माझ्या हातात तोच कागद. छापील ओळींवर पाळक दिनानाथांनी निळ्या पेनने काट मारलीय आणि खाली नवे प्रश्न लिहिलेत, उत्तरांच्या जागा कोऱ्या. जवळच नोंदीचं पुस्तक, उघडं. किर्ती यशोधराच्या कडेवर, फ्रॉकच्या बगलेतली पट्टी दिसतेय, दिसू दे.

"या बाळाचा बाप्तिस्मा याआधी झालेला आहे काय?"

"हो," मी म्हणाले. आवाज हॉलच्या मागपर्यंत गेला, बेडकाच्या तक्त्यापर्यंत. खुर्च्या करकरल्या.

"कोणी दिला?"

"मी दिला."

"कशाने?"

"पाण्याने. कापूस भिजवून." आणि मागे बघून, "तिसऱ्यांदाचं पाणी या मावशींनी दिलं." मोतीमावशीने हात वर केला, वर्गात करतात तसा.

"कोणत्या नावाने?"

यापुढची कोरी जागा माझी होती. कागदावर लिहिलं होतं, धर्ममाता. पण मी यशोधराकडे पाहिलं. तिने किर्तीला जरा वर सरकवलं, आपल्या आप्पांकडे तोंड केलं, आणि बोलली, "बेबी ऑफ यशोधरा. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने."